गव्हनचे चार पुतळे आणि एक कायदा

ग्लासगो शहराच्या पश्चिम अंगाला, क्लाइड नदीच्या दक्षिण काठावर गव्हन आहे. आज तो ग्लासगोचा एक भाग. पण १८६४ ते १९१२ या काळात गव्हनची स्वतःची नगरपालिका होती, स्वतःचं बोधचिन्ह होतं आणि त्यावर लॅटिनमध्ये ब्रीद होतं: 'कष्टाविना काही नाही'. या गव्हनमध्ये चार पुतळे आहेत. जॉन एल्डर या जहाज बांधणाऱ्या कारखानदाराचा, १८८८ सालचा. त्याच कारखान्याचा पुढचा मालक विल्यम पिअर्स याचा, १८९४ सालचा. जॉनची पत्नी इझाबेला एल्डर हिचा, १९०६ सालचा. आणि मेरी बार्बरचा, २०१८ सालचा. पहिले तिघं एकाच कारखान्याच्या मालकवर्गातले. चौथी त्या कारखान्यात काम करणाऱ्या कारागिराची बायको. तिसऱ्या आणि चौथ्या पुतळ्याच्या मध्ये एकशेबारा वर्षं गेली.

मला या एकशेबारा वर्षांबद्दल बोलायचं आहे. एखाद्या वस्तीने कोणाला लक्षात ठेवायचं, हे ठरतं कसं? माझं म्हणणं असं की, वस्तीच्या आठवणीत देणगी सहज टिकते आणि हक्क सहज विसरला जातो. देणगीला इमारत असते, कोनशिला असते, विश्वस्त असतात, दरवर्षी हार घालायला एक तारीख असते. हक्काला यातलं काहीच नसतं. तो एकदा मिळाला की सगळ्यांचा होतो, आणि सगळ्यांचं जे झालं ते कोणी भांडून मिळवलं, हे पुढची पिढी विचारत नाही. म्हणून हक्क मिळवणाऱ्यांची नोंद मुद्दाम करावी लागते. ती सार्वजनिक पैशातून व्हावी, आणि ज्या वस्तीत ते घडलं त्या वस्तीतच व्हावी.

आधी देणाऱ्यांना त्यांचं देणं देऊ. जॉन एल्डरचा मोठेपणा खोटा नाही. १८५० च्या दशकात त्याने आगबोटीसाठी संयुक्त इंजिन तयार केलं. कल्पना ऐकायला साधी आहे. वाफ आधी जास्त दाबाच्या लहान सिलिंडरमध्ये वापरायची आणि तिथून बाहेर पडताना तिच्यात जो जोर शिल्लक राहतो, तो वाया न घालवता कमी दाबाच्या मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा वापरायचा. एवढ्याने कोळशाचा खर्च तिसऱ्या हिश्शाने, कधी त्याहूनही जास्त घटला. कोळसा कमी म्हणजे जहाजात मालाला जागा जास्त, आणि जिथे वाटेत कोळसा मिळत नाही अशा दूरच्या समुद्रांवर आगबोट नेणं परवडू लागलं. १८६४ मध्ये एल्डरने आपला कारखाना गव्हनच्या फेअरफिल्ड नावाच्या शेतजमिनीवर हलवला. त्याच साली गव्हनला नगरपालिका मिळाली. तेव्हा तिथली वस्ती नऊ हजारांच्या आसपास होती. पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ती नव्वद हजारांवर गेली. गाव असं दहा पटींनी फुगतं तेव्हा त्यामागे कोणाचं तरी डोकं असतं, हे मान्य करायलाच हवं. पुतळ्यात जॉन एल्डर आपल्या इंजिनावर हात टेकून उभा आहे, ते योग्यच आहे.

१८६९ मध्ये तो पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. इझाबेला तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कारखान्यांपैकी एक कारखाना तिच्या एकटीच्या नावावर आला आणि काही महिने तिने तो एकटीने चालवला. मग भाऊ आणि भागीदारांच्या हाती सोपवला. पुढची पस्तीस वर्षं ती पैसा कुठे घालायचा याचाच विचार करत राहिली, आणि तो विचार वरवरचा नव्हता. कारखान्यासमोरची सदतीस एकर जमीन विकत घेऊन तिने १८८५ मध्ये गव्हनच्या लोकांना उद्यान दिलं. त्या काठावर कारखाने आणि गोद्या जमिनीचा प्रत्येक तुकडा गिळत होत्या, हे लक्षात घेतलं की सदतीस एकर मोकळी जमीन म्हणजे काय ते कळतं. ग्लासगो विद्यापीठात तिने नौकारचनाशास्त्राच्या अध्यासनाला कायमचा निधी दिला. जहाजाचा आराखडा हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे, हे जगात पहिल्यांदा तिथे मानलं गेलं. १९०३ मध्ये उद्यानाच्या कोपऱ्यात ग्रंथालय उभं राहिलं, त्याचं उद्घाटन पोलाद उद्योगातून गडगंज झालेल्या अँड्रू कार्नेगीने केलं. त्याच सुमारास छोटं रुग्णालय झालं.

पण मला तिचं सर्वांत मोठं काम वेगळंच वाटतं. १८८३ मध्ये तिने ग्लासगोतला नॉर्थ पार्क हाऊस नावाचा वाडा विकत घेतला आणि मुलींच्या उच्चशिक्षणासाठी निघालेल्या क्वीन मार्गारेट कॉलेजला वापरायला दिला. विद्यापीठ तेव्हा बायकांना पदवी देत नव्हतं. १८९० मध्ये या कॉलेजात मुलींसाठी वैद्यकीय शिक्षण सुरू झालं, त्याचा भार इझाबेलाने उचलला. १८९२ मध्ये कॉलेज विद्यापीठात सामील झालं आणि १८९४ मध्ये मॅरियन गिलख्रिस्ट ही स्कॉटलंडमधल्या विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेणारी पहिली स्त्री ठरली. इथे देणगीतून हक्क निघाला. असं क्वचित होतं, म्हणून ते ठळक सांगायला हवं.

तिने गव्हनच्या कामगारांच्या बायकांसाठी थोड्या पैशात पौष्टिक स्वयंपाक आणि शिवणकाम शिकवणारी शाळाही काढली होती. हेतू चांगलाच. तरी मला तिथे अडखळायला होतं. ज्या बाईला आठवड्याच्या पगारात सहा माणसं जगवायची आहेत, तिला काटकसर शिकवायची, की तिच्या घराचं भाडं आणि नवऱ्याची मजुरी याबद्दल काही बोलायचं? देणगीची हद्द इथे संपते. देणारी व्यक्ती कितीही उदार असली तरी काय द्यायचं हे तीच ठरवते.

पिअर्सबद्दल थोडक्यात. हुशार कारखानदार, गव्हनचा पहिला खासदार, हुजूर पक्षाचा. त्याच्या काळात फेअरफिल्डमधून अटलांटिकवरची सर्वांत वेगवान जहाजं निघाली. पुतळ्याचं ब्राँझ काळं पडलं म्हणून गव्हनकर त्याला 'काळा माणूस' म्हणत आले आहेत. त्याच्या पश्चात पत्नीने बांधलेली पिअर्स इन्स्टिट्यूट ही इमारत मात्र लोकांच्या खरोखर कामाला आली. वाचनाच्या खोल्या, सभागृह, व्यायामशाळा, पुढे बेकारीच्या काळात बसायला ऊबदार जागा. दगडाच्या इमारतीला लोक वापरतात तेव्हाच अर्थ येतो.

आता चौथा पुतळा. मेरी बार्बरचा जन्म १८७५ मध्ये किलबार्कन या विणकरांच्या गावात झाला. वडील गालिचे विणत. लग्नानंतर १८९६ मध्ये ती गव्हनला आली. नवरा फेअरफिल्डमध्ये होता. ती सहकारी चळवळीतल्या महिला संघात जाऊ लागली. सभा कशी घ्यायची, ठराव कसा मांडायचा, वर्गणीचा हिशेब कसा ठेवायचा, हे सगळं ती तिथे शिकली. गव्हनची चाळ म्हणजे तीन-चार मजली दगडी इमारत. मधून एक सामाईक बोळ आणि जिना, त्याला तिथे 'क्लोज' म्हणतात. अनेक कुटुंबं एकाच खोलीत राहत. त्या खोलीला 'सिंगल एन्ड' असं नाव होतं. संडास जिन्याच्या वळणावर, सगळ्यांना मिळून.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. गोद्यांमध्ये आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला हजारो माणसं ग्लासगोत आली. घरं तेवढीच राहिली. १९१५ मध्ये घरमालकांनी भाडी वाढवली, काही ठिकाणी पंचवीस टक्क्यांपर्यंत. पुरुष एकतर आघाडीवर होते, नाहीतर कारखान्यात. भाडेवसुली करणारा मालकाचा माणूस, ज्याला तिथे 'फॅक्टर' म्हणत, तो ज्या दारात येई त्या दारात बाई उभी असे. त्यामुळे लढा बायकांनीच केला. जुनं भाडं द्यायचं, वाढ द्यायची नाही, असं ठरलं. क्लोजच्या तोंडाशी एक बाई हातात घंटा घेऊन बसे. घर रिकामं करायला बेलिफ आला की घंटा वाजे, आणि मागच्या अंगणात धुणं धूत असलेल्या, चुलीपाशी असलेल्या बायका हातात असेल ते घेऊन धावत येत. ओले कपडे, पिठाच्या पुड्या, जे हाताला लागेल ते बेलिफाच्या अंगावर जाई. त्याला जिना चढू दिला जात नसे.

सहकाऱ्यांच्या आठवणींत एक प्रसंग आहे. फॅक्टरने एका बाईला, बाकी सगळ्यांनी वाढ भरली असं खोटं सांगून पैसे घेतले. मेरी बार्बरने गोदीतल्या कामगारांना बाहेर बोलावलं, त्यांना घेऊन ती फॅक्टरच्या कचेरीवर गेली आणि पैसे परत मागितले. रस्त्यावर काजळलेल्या चेहऱ्यांची गर्दी पाहून पैसे परत मिळाले. या बायकांना पुढे 'मिसेस बार्बरची फौज' असं नाव पडलं. नोव्हेंबरपर्यंत वीस हजारांहून अधिक भाडेकरूंनी वाढ नाकारली होती. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी अठरा भाडेकरूंना न्यायालयात उभं केलं तेव्हा हजारो लोक न्यायालयाबाहेर जमले. युद्ध चालू असताना गोद्या बंद पडण्याची वेळ आली. खटले मागे घेतले गेले, आणि डिसेंबर १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. लहान घरांची भाडी युद्ध सुरू झालं त्या वेळच्या पातळीवर गोठवली गेली, एकट्या गव्हनपुरती नाही, संपूर्ण देशात.

या कायद्याच्या नावात कंसात दोन शब्द होते: युद्धकालीन निर्बंध. तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि त्याच्याही नावात तेच दोन शब्द होते. पुढे १९४७ चा मुंबई भाडे कायदा आणि २००० पासून लागू झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. गिरगाव-परळच्या चाळीत जुन्या भाड्याची पावती जपून ठेवणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला हा विषय समजावून सांगावा लागणार नाही. त्या पावतीच्या कुळाचा एक धागा गव्हनच्या जिन्यावर वाजलेल्या घंटेशी जाऊन पोचतो. भाडेनियंत्रणामुळे मुंबईच्या इमारतींचं पुढे काय झालं हा वाद खरा आहे आणि मी तो टाळत नाही. पण एखाद्या हक्काचा पुढे कसा उपयोग झाला हा प्रश्न वेगळा आणि तो मिळवणाऱ्यांना आठवायचं की नाही हा वेगळा.

मेरी बार्बर १९२० मध्ये ग्लासगोच्या नगरपालिकेवर निवडून आली, शहरातल्या पहिल्या काही स्त्री नगरसेवकांपैकी एक. वॉर्डाचं नाव फेअरफिल्ड. पुढे ती तिथली पहिली स्त्री 'बेली', म्हणजे न्यायदानाचे काही अधिकार असलेली नगरसेवक झाली. १९२५ मध्ये गव्हनमध्ये स्त्रियांसाठी कुटुंबनियोजनाचा सल्ला देणारं शहरातलं पहिलं केंद्र निघालं, त्याची ती अध्यक्ष होती. १९५८ मध्ये ती वारली. त्यानंतर पुतळ्याला साठ वर्षं लागली.

का लागली? सोपं उत्तर आहे की पुतळ्याला पैसा लागतो आणि तो गरिबांकडे नसतो. ते पुरेसं नाही. इझाबेलाच्या पुतळ्यालाही लोकांनीच वर्गणी दिली होती, त्यात गव्हनच्या साध्या माणसांचे पैसे होते. मग त्याच माणसांनी बार्बरसाठी वर्गणी का काढली नाही? माझ्या मते कारण असं: देणगीचे आभार मानायचे असतात, हे लोकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. भाडं वाढलं नाही याचे आभार कोणाचे मानायचे? वाढलं नाही, म्हणजे काही घडलंच नाही. घरात एक नवी वस्तू आली नाही, रस्त्यात एक नवी इमारत उभी राहिली नाही. टळलेल्या संकटाला चौथरा नसतो.

दुसरंही एक कारण आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. १९१२ मध्ये गव्हनची नगरपालिका बरखास्त होऊन गव्हन ग्लासगोत विलीन झालं. भाड्याचा लढा झाला तो तीन वर्षांनी. म्हणजे ज्या वेळी गव्हनने आपल्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट केली, त्या वेळी ती लिहून ठेवायला, तिच्यासाठी चौक ठरवायला, ठराव करायला गव्हनची स्वतःची संस्थाच उरली नव्हती. निर्णय नदीपलीकडच्या शहरात होऊ लागले होते. वस्तीची संस्था गेली की आठवणीची कोठीही जाते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

इथे एक आक्षेप येईल. स्थानिक लोकांच्या हाती इतिहास दिला तर ते तो सांभाळतीलच कशावरून? मोठ्या शहरातलं मोठं संग्रहालय अधिक सुरक्षित नाही का? आक्षेप रास्त आहे आणि त्याला बळ देणारा पुरावा गव्हनमध्येच आहे. गव्हन कारखान्यांहून फार जुनं आहे. नवव्या ते अकराव्या शतकात ते स्ट्रॅथक्लाइडच्या राज्याचं महत्त्वाचं ठिकाण होतं. जुन्या चर्चमध्ये त्या काळचे थडग्यांवरचे कोरीव दगड आहेत, नक्षीने मढवलेली एक दगडी शवपेटी आहे आणि उलट्या होडीसारख्या आकाराचे पाच प्रचंड दगड आहेत, ज्यांच्यावर उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांची छाप दिसते. जवळच डूमस्टर हिल नावाची पायऱ्यापायऱ्यांची टेकडी होती. बहुधा न्यायनिवाडा आणि सभा होत ती जागा. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांनी ती टेकडी सपाट केली. आणि १९७३ मध्ये शेजारचा बंद जहाज कारखाना पाडताना चर्चच्या भिंतीलगत ठेवलेले काही जुने दगडही ढिगाऱ्याबरोबर गेले असं सगळे धरून चालले. हजार वर्षांचा वारसा, आणि तो राडारोडा समजला गेला. म्हणजे वस्तीत ठेवलं म्हणून वाचलं, असं मी म्हणू शकत नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१९ मध्ये त्या आवारात स्थानिक लोकांना सोबत घेऊन उत्खनन झालं, आणि गेले म्हणून सोडून दिलेल्या दगडांपैकी तीन जमिनीखाली सापडले. त्यांतला पहिला शोधला तो एका शाळकरी मुलाने. टेकडी मालकांनी पाडली तेव्हा गव्हनकरांना कोणी विचारलं नव्हतं. दगड हरवले तेव्हा ते काय आहेत हे कोणी गव्हनकरांना सांगितलं नव्हतं. ज्या क्षणी त्यांच्या हातात खुरपी दिली, त्या क्षणी वस्तू सापडली. त्यामुळे मोठ्या संग्रहालयाच्या बाजूने दिलेला दाखला शेवटी माझ्याच बाजूला येतो असं मला वाटतं. दगड सांभाळायला तज्ज्ञ हवाच, पैसाही बाहेरून यायला हवा. मालकी आणि किल्ली मात्र तिथल्यांकडे असावी.

फेअरफिल्डच्या कचेरीचं तसंच झालं. १८९० च्या सुमाराची ही देखणी लाल दगडी इमारत या शतकाच्या सुरुवातीला रिकामी पडली, छत गळू लागलं. गव्हनमध्ये छोट्या उद्योगांना जागा देणाऱ्या एका स्थानिक संस्थेने ती घेतली, दुरुस्त केली आणि २०१३ मध्ये तिथे जहाजबांधणीचं छोटं संग्रहालय उघडलं. बाकीची इमारत कामासाठी भाड्याने दिली. मला ही पद्धत पुतळ्यापेक्षा सरस वाटते. आठवण आणि रोजचं काम एकाच छताखाली. शेजारी त्याच कारखान्यात आजही युद्धनौका बांधल्या जातात.

तो कारखाना आज चालू आहे, यालाही एक कारण आहे आणि त्याचा गव्हनमध्ये पुतळा नाही. जून १९७१ मध्ये क्लाइडवरच्या एकत्र केलेल्या जहाज कारखान्यांची कंपनी दिवाळखोरीत निघाली. सुमारे साडेआठ हजार कामगारांपैकी बहुसंख्यांना घरी बसवायचं ठरलं. कामगारांनी संप केला नाही. त्यांनी उलटं केलं: कामावर येत राहिले, ज्यांना काढलं तेही येत राहिले, हातातली जहाजं पुरी करत राहिले. गव्हनमध्येच जन्मलेल्या जिमी रीड या कामगार पुढाऱ्याने त्यांना बजावलं की गुंडगिरी होणार नाही, मोडतोड होणार नाही, दारू चालणार नाही, कारण सगळं जग आपल्याकडे पाहत आहे. शेवटी १९७२ मध्ये सरकारने साडेतीन कोटी पौंड दिले आणि गोद्या वाचल्या. कष्टाविना काही नाही, हे नगरपालिकेचं ब्रीद कामगारांनी मालकाविना खरं करून दाखवलं. त्या साडेआठ हजारांची नावं पगारपत्रकांवर होती. एल्डरच्या इंजिनाइतकाच हाही गव्हनने जगाला दिलेला एक शोध आहे, आणि त्याला तेवढीच जागा मिळाली पाहिजे.

कोणी म्हणेल, मग मालकांचे पुतळे हटवा. मी तसं म्हणणार नाही. इझाबेलाला चौथऱ्यावरून उतरवून मेरीला न्याय मिळत नाही. दोघी एकाच कारखान्याच्या दोन दारांतून गव्हनमध्ये आल्या, एक समोरच्या आणि एक मागच्या. आणि एकीने मुलींना डॉक्टर होण्याची वाट मोकळी केली, तर दुसरीने त्याच शहरातल्या गरीब बायकांना डॉक्टरचा सल्ला मिळवून दिला. हा संबंध शाळेतल्या मुलाला दिसायचा असेल तर दोन्ही पुतळे हवेत आणि मधली वाट त्याला चालून जाता आली पाहिजे. पुतळ्याखालच्या पाटीवर नाव, जन्म, मृत्यू एवढंच लिहून भागत नाही. पैसा कुठून आला आणि कोणाच्या भांडणातून काय मिळालं, हे चार ओळींत तिथेच लिहिता येतं.

बार्बरच्या पुतळ्यात एक गोष्ट फार चांगली केलेली आहे. ती एकटी नाही. ती पुढे आहे आणि तिच्या मागे माणसांची रांग आहे, बायका, मुलं, कामगार. रांगेतल्यांना नावं नाहीत. मला वाटतं, पुढचं काम तिथे आहे. १९१५ मध्ये वाढ नाकारणाऱ्या गव्हनच्या घरांची यादी करायची. न्यायालयाच्या नोंदवह्या, घरपट्टीच्या वह्या, त्या महिन्यांतली वर्तमानपत्रं आणि घराघरांतून जपलेली भाड्याची पुस्तकं, यांतून क्लोजनिहाय, जिनानिहाय नावं उतरवायची. याला लागणारा पैसा एका पुतळ्याच्या ब्राँझपेक्षा जास्त नसेल, आणि तो ग्लासगोच्या नगरपालिकेने द्यावा, कारण १९१२ मध्ये गव्हनची वही तिनेच आपल्याकडे घेतली होती. आणि ती यादी ठेवायची जागा शोधायला लांब जायला नको. इझाबेला एल्डरने गव्हनच्या लोकांना दिलेलं ग्रंथालय अजून उद्यानाच्या कोपऱ्यात उभं आहे. तिच्या कपाटात मेरी बार्बरच्या शेजारणींची नावं असावीत.